अडचणींनी लिहवून घेतलेले दप्तर

लंडनच्या सिटी रोडवर विटांची एक साधी, रुंद इमारत उभी आहे. शेजारी मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचे राहते घर आणि मागच्या अंगणात त्यांचे थडगे. रस्त्यापलीकडे बनहिल फील्ड्सची जुनी दफनभूमी आहे. जॉन बन्यन, डॅनिएल डिफो आणि विल्यम ब्लेक यांना तिथे मूठमाती मिळाली, वेस्लींच्या आई सुसाना यांनाही तिथेच. १ नोव्हेंबर १७७८ रोजी उघडलेले हे मेथडिस्ट चॅपल आज जगभरच्या मेथडिस्टांना तीर्थासारखे वाटते. त्याच्या भिंतींविषयी आणि संगमरवराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अधिक मोलाची वाटते ती त्याच्याभोवती आणि त्याच्यासारख्या हजारो चॅपलांभोवती साचत गेलेली कागदपत्रे.

ही कागदपत्रे इतिहास लिहिला जावा म्हणून कोणी तयार केली नाहीत. कर्ज फिटत नव्हते म्हणून एक वही आली. सरकार बाळाच्या जन्माची दखल घेत नव्हते म्हणून दुसरी आली. इमारत कोणाची यावर भांडण झाले म्हणून दस्त झाले, आणि उपदेशकांपेक्षा गावे जास्त होती म्हणून तक्ते छापावे लागले. प्रत्येक नोंदीमागे एक अडचण आहे. त्या अडचणींमुळेच अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या कोळसा खाणकामगारांची, विणकरांची आणि मोलकरणींची नावे आपल्यापर्यंत पोहोचली. एरवी त्यांची नावे लिहून ठेवण्याचे कारण कोणालाच नव्हते.

तोफांच्या कारखान्यातून चॅपलकडे

जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हे चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित धर्मगुरू होते आणि मरेपर्यंत त्यांनी ते चर्च सोडले नाही. १७३९ मध्ये ब्रिस्टॉलजवळच्या किंग्जवूडच्या खाणकामगारांसमोर ते उघड्या माळावर उपदेश करू लागले. त्याच वर्षी ब्रिस्टॉलमध्ये ‘न्यू रूम’ बांधायला घेतली गेली; ती जगातली सर्वांत जुनी मेथडिस्ट वास्तू. लंडनमध्येही त्याच वर्षी त्यांनी मूरफील्ड्सजवळचा तोफा ओतण्याचा एक मोडकळीला आलेला कारखाना घेतला. १७१६ साली झालेल्या स्फोटानंतर तो पडून होता. ‘फाउंड्री’ या नावाने ओळखली जाणारी ही जागा जवळजवळ चाळीस वर्षे लंडनच्या मेथडिस्टांचे केंद्र राहिली. तिथे प्रवचने होत, मुलांची शाळा भरे आणि गरिबांना औषधे मिळत. १७४६ पासून छोट्या कर्जांसाठी एक निधीही तिथून चालवला गेला. पुढे मोठा पुस्तकविक्रेता म्हणून नाव कमावणाऱ्या जेम्स लॅकिंग्टनला धंद्याच्या सुरुवातीला याच निधीतून पाच पौंड मिळाले होते.

फाउंड्रीची जागा सोडावी लागणार हे दिसू लागल्यावर सिटी रोडवर नवे चॅपल बांधायचे ठरले. जॉर्ज डान्स (धाकटे) यांनी आराखडा केला, आणि वेस्लींचेच अनुयायी असलेल्या सॅम्युअल टूथ यांनी बांधकाम पाहिले. २१ एप्रिल १७७७ रोजी कोनशिला बसली. त्या दिवशी पाऊस होता. पावसाने हजारो लोकांना घरी ठेवले म्हणून आपले काम सोपे झाले, असे वेस्लींनी रोजनिशीत लिहिले आहे. दगडावर पितळी पट्टी जडवली होती. ती यापुढे बहुधा कोणा माणसाच्या नजरेस पडणार नाही, हेही त्यांनी त्याच नोंदीत म्हटले. पट्टी खरोखरच दृष्टीआड गेली. ती बसवल्याचे आपल्याला कळते ते रोजनिशीमुळे.

उद्घाटनाच्या दिवशी वेस्लींनी चॅपलचे वर्णन नीटनेटके, पण भपका नसलेले असे केले. सज्जाला आधार द्यायला डेटफर्डच्या गोदीतल्या जहाजांच्या डोलकाठ्या वापरल्या होत्या. त्या तिसऱ्या जॉर्ज राजाने दिल्याचे परंपरेने सांगतात. १८९१ मध्ये त्यांच्या जागी परदेशांतल्या मेथडिस्टांनी दिलेले दगडी खांब आले.

एक पेनी आणि बारा माणसे

मेथडिस्टांची सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण नोंद म्हणजे ‘क्लास’ची वही. तिचा उगम ब्रिस्टॉलच्या न्यू रूमवरच्या कर्जात आहे. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी हे कर्ज कसे फेडायचे यावर बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवले की प्रत्येक सदस्याने आठवड्याला एक पेनी द्यावी. कितीतरी जणांना तेवढेही परवडणार नाही, अशी हरकत निघाली. त्यावर ते म्हणाले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. जे देऊ शकतील ते देतील, जे देऊ शकणार नाहीत त्यांची पेनी मी भरीन.

वसुलीसाठी दारोदार जाणाऱ्यांना घराघरांतले आजारपण, दारू, भांडणे आणि उपासमार दिसू लागली. वेस्लींनी यातली शक्यता लगेच ओळखली. पैसे गोळा करण्याची सोय पाहता पाहता माणसांची विचारपूस करण्याची व्यवस्था झाली. सुमारे बारा जणांचा एक क्लास, त्याचा एक प्रमुख, आठवड्याची बैठक आणि हजेरीची वही अशी घडी बसली. प्रमुखांमध्ये स्त्रियाही होत्या. स्त्रीला सार्वजनिक जीवनात फारसे पद न मिळण्याच्या त्या काळात, दहाबारा जणांच्या आत्मिक आणि ऐहिक हिताची जबाबदारी तिच्यावर सोपवली गेली होती, आणि वहीत तशी नोंदही होत होती.

पुढच्या काळातल्या क्लासच्या वह्यांत प्रत्येक नावापुढे आठवड्यांचे रकाने असत. गैरहजर माणसाच्या रकान्यात एकेक अक्षर पडे: आजारी, परगावी, कामात अडकलेला, हयगय करणारा. एखाद्या विणकराच्या नावापुढे सलग दोन महिने आजारपणाचे अक्षर असावे आणि नंतर ते नावच थांबावे. त्या माणसाचे चरित्र कोणीही लिहिले नाही, तरी त्याच्या शेवटच्या महिन्यांची खूण राहिली.

सदस्यत्वाचा पुरावा म्हणून दर तिमाहीला छापील तिकीट मिळे. त्यावर बायबलमधले एखादे वचन, तिमाहीचे अक्षर आणि हाताने लिहिलेले सदस्याचे नाव असे. तिकीट देताना उपदेशक प्रत्येकाशी बोले. वागणूक सुधारत नसेल तर तिकीट रोखले जाई. अनेक कुटुंबांनी ही बोटभर चिटोरी बायबलच्या पानांत पिढ्यान्पिढ्या जपली आणि आज संग्रहालयांत त्यांचे गठ्ठे आहेत.

कायद्याने नाकारलेल्या नोंदी

एखाद्या चॅपलच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी शोधणाऱ्याचा पहिला गोंधळ होतो तो त्यांतल्या रिकाम्या जागांमुळे. त्या जागा तत्कालीन कायद्याने आणि मेथडिस्टांच्या स्वतःच्या धोरणाने तयार केल्या आहेत.

१७५४ पासून लागू झालेल्या हार्डविकच्या विवाह कायद्यानुसार ज्यू आणि क्वेकर सोडून इंग्लंड आणि वेल्समधल्या सर्वांना चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लग्न करावे लागे. त्यामुळे जुलै १८३७ पूर्वीचा विवाह चॅपलच्या वहीत शोधणे व्यर्थ आहे; तो त्या भागातल्या पॅरिश चर्चच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या स्थानिक चर्चच्या, नोंदीत असणार. १८३७ नंतरही नोंदणीकृत चॅपलमधल्या लग्नाला सरकारी निबंधक हजर असावा लागे. ही अट १८९८ च्या कायद्याने सैल झाली.

बाप्तिस्म्याची गोष्ट वेगळी. सुरुवातीच्या मेथडिस्टांनी मुलांचा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन पॅरिश चर्चमध्येच घ्यावे, असा वेस्लींचा आग्रह होता. त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये झालेल्या तडजोडीने चॅपलांना हे विधी स्वतः करण्याची वाट मोकळी झाली. म्हणून बहुतेक चॅपलांची बाप्तिस्म्याची वही अठराव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर सुरू होते. त्याआधीचे मेथडिस्ट कुटुंब पॅरिशच्या वहीत इतर सर्वांसारखेच दिसते. तिथे ते वेगळे ओळखता येत नाही.

मग तिसरी अडचण आली. चॅपलची वही न्यायालयात पॅरिशच्या वहीइतकी भक्कम मानली जात नसे. वारसाहक्काच्या दाव्यात वय किंवा नाते सिद्ध करायचे झाले तर मेथडिस्टांची पंचाईत होई. यावर मेथडिस्टांच्या मूळ, वेस्लियन शाखेने १८१८ मध्ये लंडनमध्ये मध्यवर्ती जन्मनोंदणी सुरू केली. पालक दाखल्याच्या दोन प्रती भरत. एक नोंदणी कार्यालयात राही, दुसरी शिक्का होऊन घरी येई. देशभरातून दहा हजारांहून अधिक जन्म तिथे नोंदले गेले. काही आईवडिलांनी तर बऱ्याच वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुलांचीही नोंद करून घेतली.

१ जुलै १८३७ रोजी सरकारी नागरी नोंदणी सुरू झाली आणि या व्यवस्थेची गरज संपली. त्याच सुमारास सरकारने बिगर-पॅरिश वह्या मागवून घेतल्या, आणि १८४० च्या कायद्याने त्या न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य ठरल्या. ज्या चॅपलांनी वह्या दिल्या, त्यांच्या वह्या आज लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एका कायद्याने मेथडिस्टांना नोंदींच्या बाहेर ठेवले होते. दुसऱ्या कायद्याने त्यांच्याच वह्या जपल्या.

सिटी रोडच्या दफनाच्या नोंदी या सर्वांत बोलक्या आहेत. चॅपलभोवतीच्या जमिनीत १८५० च्या दशकापर्यंत पाच हजारांहून अधिक माणसांना पुरले गेले. ही जमीन चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपने पवित्र केलेली नव्हती. त्यामुळे वेस्लींचे बंधू आणि हजारो स्तोत्रांचे कवी चार्ल्स वेस्ली यांनी तिथे विसावण्यास नकार दिला. १७८८ मध्ये त्यांचे दफन मॅरिलबोनच्या पॅरिश दफनभूमीत झाले. जॉन वेस्ली मात्र २ मार्च १७९१ रोजी शेजारच्या घरात वारले आणि ९ मार्चच्या भल्या पहाटे, गर्दी टाळण्यासाठी, मशालींच्या उजेडात चॅपलमागे पुरले गेले. आपले शव सहा गरीब माणसांनी उचलावे आणि प्रत्येकाला एक पौंड द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. दोन सख्ख्या भावांची थडगी दोन ठिकाणी का, याचे उत्तर जमिनीविषयीच्या त्यांच्या वेगळ्या धारणांत आहे.

इमारत कोणाची?

चॅपल बांधले की त्याची मालकी विश्वस्तांकडे जाई. इथून पुढचा प्रश्न अवघड होता. तिथे कोण उपदेश करील हे कोणी ठरवायचे: पैसे उभे करणाऱ्या स्थानिक विश्वस्तांनी, की सगळ्या मेथडिस्टांच्या वार्षिक परिषदेने? यॉर्कशायरमधल्या बर्स्टल येथे १७८२ च्या सुमारास यावरून मोठा वाद झाला, आणि पुढे ड्यूजबरीचे चॅपल वेस्लींना गमवावेच लागले.

विश्वस्तपत्रांत उपदेशक नेमण्याचा हक्क वेस्लींनंतर ‘परिषदे’कडे जाईल असे लिहिलेले असे. पण परिषद म्हणजे नेमके कोण, हे कायद्याच्या भाषेत कुठेच सांगितलेले नव्हते. वेस्ली तेव्हा ऐंशीच्या घरात होते. फेब्रुवारी १७८४ मध्ये त्यांनी घोषणापत्र करून शंभर उपदेशकांची नावे लिहिली आणि हेच शंभर जण म्हणजे परिषद, असे कायद्याने बांधून दिले. ज्यांची नावे यादीत नव्हती ते काही जण दुखावले आणि सोडून गेले. पण संस्थापकाच्या मृत्यूनंतर संघटना विस्कळीत झाली नाही, याचे बरेच श्रेय या दस्ताला आहे.

संशोधकांच्या दृष्टीने याहून उपयोगी गोष्ट एका जुन्या निर्बंधातून आली. १७३६ च्या कायद्यानुसार धर्मादाय कामासाठी दिलेल्या जमिनीचा दस्त सहा महिन्यांच्या आत चॅन्सरी न्यायालयात नोंदवावा लागे. म्हणून गावच्या चॅपलमधला मूळ दस्त वाळवीने खाल्ला तरी त्याची नक्कल राष्ट्रीय अभिलेखागारातल्या चॅन्सरीच्या गुंडाळ्यांत सापडू शकते. त्या नकलेत विश्वस्तांची नावे त्यांच्या व्यवसायासह असतात: लोहार, शेतकरी, किराणा दुकानदार, चांभार. एका गावात चॅपल कोणत्या थराने उभे केले, हे त्या एका यादीवरून कळते.

फिरत्या उपदेशकांचा तक्ता

मेथडिस्ट उपदेशक एका जागी राहत नसत. अनेक गावांचे मिळून एक ‘सर्किट’ असे आणि पगारी उपदेशकाची दर एक ते तीन वर्षांनी बदली होई. रविवारी इतकी चॅपले सांभाळायला ते पुरेसे नसत, म्हणून बहुतेक प्रवचने गावातलेच बिनपगारी उपदेशक देत. आठवडाभर खाणीत किंवा मागावर काम करून रविवारी ते मैलोन् मैल चालत जात.

या सगळ्याचा मेळ घालायला दर तिमाहीला एक तक्ता छापला जाई. डावीकडे गावे, वर तारखा, प्रत्येक चौकटीत एक आकडा, आणि कडेला त्या आकड्यांचा उलगडा करणारी उपदेशकांची यादी. एका पानावर संपूर्ण भागाचे धार्मिक जीवन दिसते: कोणत्या गावात नवी सभा सुरू झाली, कोणते गाव यादीतून गळाले, कोण उमेदवारीवर आहे. तिमाही संपली की तो निरुपयोगी होई आणि टाकून दिला जाई. म्हणून आज जुना तक्ता मिळणे भाग्याचे मानतात.

पगारी उपदेशकांचा माग मात्र सहज लागतो. १७४४ मध्ये फाउंड्रीत पहिली परिषद भरली. पुढे तिची इतिवृत्ते दरवर्षी छापली जाऊ लागली. त्यांत कोण कुठे नेमला गेला ते असते आणि वारलेल्यांवर मृत्युलेखही असतात. वेस्लींनी १७७८ मध्ये, म्हणजे सिटी रोडचे चॅपल उघडले त्याच वर्षी, ‘आर्मिनियन मॅगझिन’ हे मासिक सुरू केले. त्यात आणि त्याच्या पुढच्या अवतारांत सामान्य सदस्यांच्या जीवनाच्या आणि मृत्यूच्या हकिकती आहेत, आणि त्यांत स्त्रियांच्याही पुष्कळ आहेत.

दप्तरे गेली कुठे?

वेस्लींनंतर मेथडिस्टांत फाटे फुटले. १७९७ मध्ये न्यू कनेक्शन, १८११–१२ च्या सुमारास प्रिमिटिव्ह मेथडिस्ट, १८१५ मध्ये बायबल ख्रिश्चन आणि शतकाच्या मध्यावर सुधारणावादी वेगळे झाले. एका लहान गावात तीन निरनिराळ्या मेथडिस्ट चॅपलांची दारे उघडी असणे नवलाचे नव्हते. ३० मार्च १८५१ रोजी इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रार्थनास्थळांची एकमेव सरकारी गणना झाली. तिच्या भरलेल्या कागदांवर प्रत्येक चॅपलची बांधणी, बसण्याच्या मोफत आणि भाड्याच्या जागा, त्या रविवारची उपस्थिती आणि भरणाऱ्याची सही आहे. ज्या चॅपलचे दुसरे काहीच उरले नाही, त्याचा निदान हा एक कागद बहुतेक वेळा मिळतो.

२० सप्टेंबर १९३२ रोजी मोठे गट पुन्हा एक झाले. मग एकाच गावातल्या तिसऱ्या चॅपलची गरज उरली नाही. विसाव्या शतकात हजारो चॅपले बंद पडली, काहींची घरे झाली, काहींची गोदामे. सिटी रोडवरचे चॅपलही धोकादायक झाल्याने १९७० च्या दशकात बंद करावे लागले. डागडुजी होऊन १ नोव्हेंबर १९७८ रोजी, दोनशेव्या वर्धापनदिनी, राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत ते पुन्हा उघडले. आज त्याच्या तळघरात मेथडिझमचे संग्रहालय आहे.

कागदपत्रांची वाटणी ढोबळमानाने अशी झाली आहे. १८३७ पूर्वीच्या, सरकारजमा केलेल्या वह्या क्यूला. त्यानंतरच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या वह्या, विश्वस्तांची इतिवृत्ते, जमाखर्च, रविवारच्या शाळेची हजेरी हे त्या-त्या परगण्याच्या अभिलेखागारात. लंडनच्या अनेक चॅपलांचे ‘द लंडन आर्काइव्ह्ज’मध्ये (पूर्वीचे लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज). वेस्ली बंधूंची पत्रे, परिषदेची आणि उपदेशकांची कागदपत्रे मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात. ती १९७७ मध्ये सिटी रोडवरून तिथे गेली. ब्रिटिश मेथडिस्ट मिशनचे दप्तर लंडनच्या सोआस विद्यापीठात आहे.

वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये एक निराळाच ठेवा आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वेस्लियनांनी दहा लाख गिनी गोळा करायचे ठरवले: माणशी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, श्रीमंताची नोंदही त्याच एका ओळीत. त्यातून जमलेली दहा लाखांहून अधिक नावे पन्नास जाडजूड खंडांत बांधली आहेत. त्यात लहान मुले आहेत, आणि कुटुंबीयांनी ज्यांच्या स्मरणार्थ पैसे दिले असे दिवंगतही आहेत. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजोबांची सही शोधणाऱ्याला या खंडांची ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

मुंबईपर्यंत आलेला धागा

महाराष्ट्रातला मेथडिझम प्रामुख्याने अमेरिकेतून आला. अमेरिकन प्रचारक विल्यम टेलर यांनी १८७१–७२ मध्ये मुंबईत सभा घेतल्या आणि लोकांना ब्रिस्टॉलसारख्याच क्लासमध्ये बांधले. १८४८ पासून मुंबईत अत्यंत साधेपणाने राहणारे मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. १८८८ मध्ये ते वारले. कुलाबा परिसरातले बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचे आहे. या प्रवाहाचे मिशनरी दप्तर शोधायचे तर लंडनपेक्षा अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या ड्रू विद्यापीठाकडे वळावे लागते. मेथडिस्टांचे मोठे अभिलेखागार तिथे आहे. ईस्ट इंडिया कंपनी आणि ब्रिटिश सरकारच्या काळात मुंबई इलाख्यातून लंडनला पाठवलेली बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांची विवरणे ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

दुसरी प्रत

हे सगळे दप्तर एकत्र पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. कागद टिकला तो बहुतेक वेळा त्याची दुसरी प्रत कुठेतरी होती म्हणून, किंवा तो वेळेत दुसऱ्याच्या हाती सोपवला म्हणून. दस्ताची नक्कल न्यायालयात होती. जन्माचा दाखला दोन प्रतींत होता. इतिवृत्ते छापून गावोगाव गेली. बाप्तिस्म्याच्या वह्या सरकारने मागून घेतल्या. १८७२ मध्ये जॉर्ज जॉन स्टीव्हन्सन यांनी सिटी रोडच्या चॅपलवर मोठा ग्रंथ लिहिला आणि तिथे विसावलेल्या कित्येकांची माहिती छापून ठेवली. एकट्या पडलेल्या कागदांचे नशीब वेगळे. वेस्लींनी टिपणे केलेली शेक्सपियरची प्रत त्यांच्या मृत्यूनंतर जॉन पॉसन या उपदेशकांनी नष्ट केली असे सांगितले जाते; धर्मकार्याला तिचा उपयोग नाही असे त्यांना वाटले.

सर्वांत जास्त हरवल्या त्या क्लासच्या वह्या. त्या प्रमुखाच्या घरी, कपाटात किंवा खिशात असत, आणि त्यांची नक्कल कोणीच करत नसे. माणसाच्या रोजच्या जगण्याच्या सर्वांत जवळ पोहोचलेली नोंद टिकायला सर्वांत कठीण ठरली. त्यातून घ्यायचा धडा मुंबई-पुण्याच्या चर्चलाही लागू आहे आणि गावच्या देवळालाही, तालमीलाही, भजनी मंडळालाही. हजेरीच्या, वर्गणीच्या आणि देण्याघेण्याच्या वह्यांचे आज छायाचित्र काढून ठेवावे, मूळ वह्या जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात द्याव्यात, आणि कुठे काय दिले त्याची यादी आपल्याजवळ ठेवावी. उद्याच्या संशोधकाला मोठ्यांची चरित्रे कुठेही मिळतील. आठवड्याला एक पेनी देणारा माणूस मात्र त्याला याच वह्यांत भेटेल, दुसरीकडे कुठेच नाही.